गाडीची कामं घरच्या घरी: कोणती जमतात आणि कोणत्या गाडीत जमतात?

घोडबंदरचा_प्रवासी

नमस्कार मंडळी. आठ वर्षं जुनी पेट्रोल हॅचबॅक आहे, वॉरंटी कधीच संपली. परवा सर्व्हिसिंगला नेली तर इस्टिमेट बघून डोळे पांढरे झाले. ऑइल आणि फिल्टर ठीक आहे, पण त्याखाली थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, एसीचं निर्जंतुकीकरण, इंजिन फ्लश, खालून कसलंसं कोटिंग आणि वर लेबर. हे सगळं लागतंच का विचारलं तर "सर, रेकमेंडेड आहे". घरी येऊन मॅन्युअल काढलं, त्यात यातलं निम्मं नाहीच.

तर प्रश्न दोन. एक, माझ्यासारख्या माणसाने (हत्यारं: एक स्क्रू ड्रायव्हर, एक पक्कड) कुठली कामं स्वतः करावीत आणि कुठल्यांच्या वाटेला जाऊ नये. दोन, वर्षभरात गाडी बदलायची आहे. मायलेज, सेफ्टी, डिकी सगळे बघतात, पण "घरी काम करायला सोपी" हे बघून कुणी गाडी घेतली आहे का? राहायला कासारवडवली, पार्किंग पोडियमवर.

सानपाडा_स्लो

वाचतोय. माझ्याकडे पक्कड पण नाही.

बारा_तेराचा_पाना

चांगला धागा. माझ्या मते सोपी कामं अशी: एअर फिल्टर, एसीचा केबिन फिल्टर, वायपर, बॅटरी, फ्यूज, बल्ब, कूलंट आणि वॉशरचं पाणी बघणं, टायरची हवा. ह्यातलं एअर फिल्टर म्हणजे बऱ्याच गाड्यांत चार क्लिपा किंवा चार स्क्रू, झाकण उचला, जुना काढा, डब्यातली पानं आणि माती ओल्या फडक्याने पुसा, नवा बसवा. केबिन फिल्टर बहुतेक ग्लोव्हबॉक्सच्या मागे असतो, ग्लोव्हबॉक्स दोन्ही बाजूंनी आत दाबला की खाली लोंबतो आणि मागे चपटा डबा दिसतो. घोडबंदर रोडला राहता म्हणजे तो फिल्टर काढाल तेव्हा आधी फोटो काढून घरच्यांना दाखवा, मग कुणी विचारणार नाही की कशाला उगाच हात काळे करतोस. एवढंच लक्षात ठेवा, फिल्टरवर हवेच्या दिशेचा बाण असतो, तो उलटा घालू नका.

एक टप्पा वरचं काम म्हणजे स्पार्क प्लग. मारुतीच्या के सिरीज इंजिनात कॉइल (प्लगला ठिणगीची वीज देते ती) थेट प्लगच्या डोक्यावर बसते, १० चा एक बोल्ट काढला की कॉइल वर येते, मग लांब प्लग पाना. इंजिन गार असताना करायचं आणि नवा प्लग पहिले काही आटे नुसत्या बोटांनी फिरवून बसवायचा, पान्याने नाही. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये (इंजिनचा वरचा भाग) आटा चुकला तर एका प्लगच्या नादात हेड उतरवायची वेळ येते.

ब्रेक, स्टीअरिंग, एअरबॅग आणि एसीचा गॅस ह्यांच्या वाटेला जाऊ नका. गॅस भरायच्या आधी व्हॅक्यूम काढावा लागतो, ते मशीन घरी नसतं.

नौपाडाकर_जुने

मंडळी, माझं वय सांगत नाही, पण पद्मिनी चालवलेली आहे. कुर्ल्याला बनायची ती. गिअर स्टीअरिंगच्या दांड्यावर, आणि घरी काम करायला तिच्याएवढी सोपी गाडी नव्हती, बॉनेट उघडलं की इंजिनच्या आजूबाजूला जमीन दिसायची. डिस्ट्रिब्युटरची टोपी काढायची, पॉइंट पॉलिश पेपरने घासायचे, फट बघायची, कार्बोरेटरचा जेट फुंकायचा, चालू. रविवारी सकाळी आमच्या गल्लीत चार बॉनेट उघडे असायचे आणि चहा एका घरून यायचा.

आत्ताची मुलं म्हणतात काका काय ते दिवस. अरे, ते दिवस शिकावं लागलं म्हणून शिकलो. नाही शिकलं तर गाडी माजिवड्याला बंद पडायची आणि धक्का मारायला बायको. आता सुनेची गाडी आहे, तिला दहा हजार किलोमीटर बॉनेट उघडावं लागत नाही. म्हणून उघडता येत नाही अशी तक्रार कशी करणार?

पावसाळी_ऋता

काका, पूर्ण सहमत नाही. बिघडत नाही हे खरं, पण साधा हेडलाइटचा बल्ब गेला तर? काही गाड्यांत मागून हात घालून रबरी टोपी काढली, स्प्रिंग सोडली, एच४ बल्ब बदलला, दहा मिनिटं. आणि माझ्या बहिणीच्या गाडीत त्याच कामासाठी बंपर उतरवावा लागला, तेही गॅरेजमध्ये. बल्ब तर काही नव्या जमान्याचा शोध नाही ना. हात जाईल एवढी जागा ठेवायची की नाही हे डिझाइन करणाऱ्याने ठरवलं. आता तर एलईडीचा अख्खा दिवाच बदला म्हणतात.

बारा_तेराचा_पाना

ऋता +१. गाडी बनवताना असेंब्ली लाइनवर पटापट बसली पाहिजे हे बघतात, आठ वर्षांनी कोण काढणार ह्याचा विचार मागे पडतो. त्यामुळे एकाच कंपनीच्या दोन गाड्यांत एकच काम एकीत सोपं आणि दुसरीत डोकेदुखी असं होतं. उदाहरण म्हणून ओम्नी आणि ईको घ्या, इंजिन पुढच्या सीटखाली. सीट उचलली की इंजिन समोर, पावसात छत्री लागत नाही. आणि नॅनोचं इंजिन मागे, पण २०१५ पर्यंत मागचं दारच उघडत नव्हतं, मागची सीट पाडून झाकण काढायला लागायचं.

तुर्भेकर_ट्रान्सपोर्ट

नॅनोला चाकाला नट तीनच होते, त्यामुळे पंक्चर काढायला २५ टक्के सूट :))

सानपाडा_स्लो

हसून हसून पुरेवाट

मिताली_पामबीच

नटांवरून आठवलं. सगळ्यात आधी शिकायचं काम म्हणजे फिल्टर नाही, स्टेपनी बदलणं. सर्व्हिसिंगवाले हवेच्या गनने नट असे आवळतात की गाडीबरोबर आलेल्या टॉमीने (नट सोडवायचा दांडा) हलत नाहीत. मला पाम बीच रोडला रात्री पंक्चर झालं, मी टॉमीवर उभी राहिले तरी नट जागचा हलेना. शेवटी एका टेम्पोवाल्या दादांनी पाइप लावून सोडवले. त्यानंतर मी दोन गोष्टी केल्या. हार्डवेअरच्या दुकानातून टॉमीवर बसेल असा हातभर लोखंडी पाइप घेतला, तो डिकीत असतो. आणि प्रत्येक सर्व्हिसिंगनंतर घरी खाली येऊन सगळे नट एकदा ढिले करून हाताने परत आवळते. गाडी जमिनीवर असतानाच ढिले करायचे, जॅकवर चढवल्यावर चाक नुसतं फिरतं. आवळताना समोरासमोरचे, ओळीने नाही.

वॉचमन पहिल्यांदा धावत आला, मॅडम साहेब नाहीत का. आता तोच बाकीच्यांना सांगतो, मॅडमला विचारा.

घोडबंदरचा_प्रवासी

मिताली, पाइपचं लगेच करतो. पानाभाऊ, आज एअर फिल्टर काढला. आत एक अख्खं पिंपळाचं पान आणि एक मेलेलं झुरळ. फिल्टर नवा दुकानात पाचशेच्या आत मिळाला, इस्टिमेटमध्ये लेबरसकट किती लावला होता ते लिहीत नाही.

आता पुढचा प्रश्न, ऑइल. घरी बदलता येतं का?

कोपरखैरणे_सेक्टर

येतं, पण जॅकवर चढवून खाली जाणार असाल तर नका जाऊ. गाडीतला जॅक चाक बदलण्यापुरता असतो. आमच्याकडे शेजारच्या रो हाउसवाल्याने ड्राइव्हवेच्या उतारावर जॅक लावला, तो सरकला. नशीब, काढलेलं चाक त्याने आधीच गाडीखाली सरकवून ठेवलं होतं, गाडी त्याच्यावर बसली. करायचंच तर जॅक स्टँड (उचललेली गाडी टेकवायचे पक्के पाय), सपाट जमीन, मागच्या चाकांना दगड, हँडब्रेक आणि गिअर.

बाकी काम अवघड नाही. इंजिन थोडं कोमट, चेंबरचा (इंजिनखालचं ऑइलचं भांडं) ड्रेन बोल्ट सोडायचा, सगळं ऑइल गळू द्यायचं, फिल्टर बदलायचा, नव्या फिल्टरच्या रबरी रिंगला ऑइलचं बोट लावायचं, बोल्टचा वायसर नवा टाकायचा. ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलंय त्याच ग्रेडचं आणि तेवढंच. जास्त घातलं तर चांगलं असं काही नसतं, उलट सील फाटतात. थोडं चालवून पाच मिनिटं थांबून डिपस्टिक बघायची.

वागळे_नाईट_शिफ्ट

तांत्रिक बाजू झाली, आता खरी अडचण. आमच्या सोसायटीत नोटीस आहे, पार्किंगमध्ये गाडी धुणे, दुरुस्ती, तेल सांडणे सक्त मनाई, दंड. आणि खरं सांगू, सेक्रेटरींचं चुकत नाही. पोडियमखाली दुकानं आहेत, वरून तेल झिरपलं तर उत्तर कोण देणार. स्टॅक पार्किंगवाल्यांनी तर विसराच, वरच्या पाळण्यात गाडी, खाली दुसऱ्याची.

म्हणजे सोपी गाडी कोणती हा प्रश्न टॉवरमध्ये राहणाऱ्याला नंतरचा, आधी सोपी जागा. मी रविवारी वागळे इस्टेटमध्ये मित्राच्या वर्कशॉपच्या अंगणात करतो. तिथे ट्रे आहे, ड्रम आहे, चहा आहे.

ऐरोलीची_खाडी

ड्रमचं लिहिलंत ते बरं केलंत, त्यावरच बोलायचं होतं. काढलेलं ऑइल कुठे जातं? आमच्या बाजूला एक गृहस्थ सरळ गटारात ओततात, काय फरक पडतो म्हणे. फरक असा पडतो की नाला खाडीत जातो. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये झालं आणि २०२२ मध्ये रामसर यादीत (जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांची यादी) आलं. आपण तिथे बोटीत बसून फोटो काढायचे आणि इकडे नाल्यात चार लिटर काळं ऑइल. वापरलेलं ऑइल कायद्याने घातक कचरा आहे. नव्या ऑइलच्याच कॅनमध्ये भरा, बूच घट्ट लावा, ड्रम भरून ठेवणाऱ्या गॅरेजला द्या. बरेच जण घेतात कारण पुढे ते विकलं जातं.

घोडबंदरचा_प्रवासी

ताई, नोंद घेतली. जागा आणि ड्रम दोन्ही असल्याशिवाय ऑइलच्या नादाला लागत नाही.

गायमुख_चढावर

सगळे ऑइल-फिल्टर करताय, पावसाळ्याचं कुणीच लिहीत नाही. पुढच्या काचेखाली वायपरचे दांडे जिथून येतात तिथे एक प्लास्टिकची जाळी असते. गाडी गुलमोहराखाली लावत असाल तर त्याची बारीक पानं त्या जाळीत जाऊन खाली चिखल होतो, पाणी जायची भोकं बुजतात आणि जोराच्या पावसात पाणी ब्लोअरमधून थेट पायात. माझ्या गाडीत कार्पेट ओलं, सगळे म्हणाले दाराचं रबर गेलंय. जाळी उचलून बघितलं तर मूठभर काळा लगदा, त्यात एक रोप उगवलेलं. दाराच्या खालच्या काठालाही बारीक भोकं असतात, ती जुन्या टूथब्रशने मोकळी ठेवा, नाहीतर दार आतून सडतं. ह्या दोन कामांना एक रुपया लागत नाही आणि कुठल्याच इस्टिमेटवर ती नसतात.

आणि पाण्यात गाडी बंद पडली तर परत चावी फिरवू नका. आत पाणी शिरलं असेल तर पिस्टन पाणी दाबू शकत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. टो करा. २००५ च्या २६ जुलैच्या पुरात हे शिकलेले लोक अजून आहेत आपल्यात.

तुर्भेकर_ट्रान्सपोर्ट

आणि उंदीर! मार्केटच्या बाजूला राहून बघा. आमच्या गल्लीत उंदीर वायरिंगचे स्पेशालिस्ट आहेत. डांबर गोळ्या, तंबाखूची पानं, स्प्रे सगळं झालं. तंबाखू खाऊन एक उंदीर परत आला असावा.

पावसाळी_ऋता

उपाय एकच, गाडी रोज हलवा आणि गाडीत खायचं ठेवू नका. खालून बारीक जाळी लावून घेतात काहीजण, पण उष्णतेच्या आणि हलत्या भागांपासून लांब हवी.

कायद्याचं_बोला

अवांतर आहे पण महत्त्वाचं. "बाहेर हात लावला तर वॉरंटी जाईल" ही धमकी सगळ्यांनी ऐकली असेल. स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना मिळून २,५०० कोटींच्या वर दंड ठोठावला होता, सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजांना देत नाहीत म्हणून. त्याच आदेशात होतं की स्वतंत्र मेकॅनिककडे गेलात म्हणून सरसकट वॉरंटी रद्द अशी अट घालू नये. प्रकरण पुढे अपिलात गेलं, त्यामुळे हा आदेश काउंटरवर आपटून भांडू नका, पण माहीत असू द्या. डिसेंबर २०२२ मध्ये ग्राहक खात्याने राइट टू रिपेअरचं पोर्टल काढलं, त्यात गाड्याही आहेत. वॉरंटी चालू असेल तर माझा सल्ला, ठरलेली सर्व्हिस अधिकृत ठिकाणी करा, बिलं जपा, आणि हवा-वायपर-फिल्टर स्वतः बघा.

कोपरखैरणे_सेक्टर

+१. बिलं म्हणजे सुट्या भागांचीही. गाडी विकताना कामाला येतात.

खारघर_चार्जिंग

मी इलेक्ट्रिकवाला, शिव्या खायला तयार आहे. ऑइल नाही, प्लग नाही, क्लच नाही. ब्रेक पॅड पण निवांत टिकतात कारण अर्धं काम मोटरच करते. मग घरी काम करायला सगळ्यात सोपी गाडी हीच की नाही?

बारा_तेराचा_पाना

कमी कामाची आहे, सोपी नाही. टायर, वायपर, केबिन फिल्टर आणि १२ व्होल्टची छोटी बॅटरी, बास, तुमची हद्द संपली. नारिंगी केबल (हाय व्होल्टेजची) दिसली की हात मागे. तिथे काही झालं तर अधिकृत सर्व्हिस सेंटरच, गल्लीतला मेकॅनिक कामाचा नाही. नौपाडाकाका म्हणतात तसं, बिघडली नाही तर उत्तम.

खारघर_चार्जिंग

मान्य. माझीही १२ व्होल्टचीच गेली होती. लाखांची बॅटरी फुल चार्ज आणि दार उघडेना.

नौपाडाकर_जुने

पद्मिनीचं दार उघडायला कुठलीही चावी चालायची.

वागळे_नाईट_शिफ्ट

काका _/\_

बॅटरीवरून, काढताना आधी मायनस, लावताना शेवटी मायनस. टर्मिनलवर पांढरी-हिरवी पावडर आली तर गरम पाण्यात खायचा सोडा टाकून जुन्या ब्रशने घासा, सुकवा, वर थोडं व्हॅसलीन. खाडीच्या हवेत हे लवकर येतं. गाडी सकाळी एकदम मेल्यासारखी वाटली तर नव्या बॅटरीचे पैसे द्यायच्या आधी टर्मिनल हलवून बघा.

आणि एक ब्लूटूथ ओबीडी डोंगल (गाडीतले बिघाडाचे कोड वाचणारं छोटं यंत्र) घ्या, स्टीअरिंगखाली त्याचं सॉकेट असतं. इंजिनचा दिवा लागला की मोबाइलवर कोड दिसतो. पी०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर मिसफायर, म्हणजे त्यातलं पेट्रोल नीट पेटत नाही, मग पहिल्याची कॉइल दुसऱ्यावर लावून बघायची, कोड पी०३०२ झाला तर कॉइल गेली, तोच राहिला तर प्लग किंवा आणखी काही. दुरुस्ती नाही केली तरी गॅरेजमध्ये जाताना नेमकं काय झालंय हे माहीत असतं. स्वस्त डोंगल एबीएस आणि एअरबॅगचे कोड मात्र सहसा दाखवत नाही.

मिताली_पामबीच

हेच. सगळं आपण करावं असं थोडंच आहे. आमचे नेरुळचे मेकॅनिक मला काढलेला जुना भाग हातात देतात, बघा म्हणतात. ज्याला आपण काय विचारतोय ते कळतं त्याच्याशी लोक नीट बोलतात.

घोडबंदरचा_प्रवासी

सगळ्यांचे आभार. पण दुसऱ्या प्रश्नाचं काय? गाडी कोणती?

बारा_तेराचा_पाना

नाव घेऊन सांगत नाही, इथे लगेच मारुती विरुद्ध टाटा सुरू होईल आणि ॲडमिन धागा बंद करतील. शोरूममध्ये गेल्यावर पहिल्यांदा बॉनेट उघडायला लावा, सेल्समन पॅनोरमिक सनरूफ दाखवत असेल तरी. हेडलाइटच्या मागे हात जातो का. बॅटरीवर दुसरं काही बसवलंय का. एअर फिल्टरचं झाकण हत्याराशिवाय निघतं का. खाली वाका, ऑइल फिल्टर दिसतो का. फ्यूजबॉक्सच्या झाकणावर नकाशा आहे का. मॅन्युअल मागून घ्या आणि "विक्रेत्याशी संपर्क साधा" हे वाक्य किती पानांवर आहे बघा, काही मॅन्युअलमध्ये बल्बपासून सगळीकडे तेच असतं. मग तुमच्या जवळच्या सुट्या भागांच्या दुकानात जाऊन विचारा ह्या गाडीचा फिल्टर आहे का. "मागवावा लागेल" म्हणाला तर समजा. जी गाडी जास्त विकली जाते आणि जिचं इंजिन चार मॉडेलांत सारखं आहे ती साधारण सोपी पडते, कारण भाग कुर्ल्यापासून कल्याणपर्यंत मिळतो आणि हात घातलेला माणूस प्रत्येक गल्लीत असतो. टर्बो, मागे आणि बाजूला कॅमेरे, बंपरमध्ये रडार, हे जितकं वाढेल तितकं बंपर काढणं महाग.

गायमुख_चढावर

आणि स्टेपनी आहे का ते विचारा. २०२० पासून टायर प्रेशरची सिस्टिम आणि रिपेअर किट असेल तर स्टेपनी न देण्याची मुभा आहे. सीएनजीत तर बऱ्याचदा डिकी सिलिंडरनेच भरलेली.

मिताली_पामबीच

मग माझा पाइप कुठे वापरू :(

वागळे_नाईट_शिफ्ट

प्रवासी, या रविवारी सकाळी नऊला वागळेला येणार असाल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. ऑइल, फिल्टर आणि ड्रेन बोल्टचा वायसर तुमचा, ट्रे आणि जॅक स्टँड माझे. मॅन्युअल घेऊन या, ऑइल किती लिटर ते तिथेच बघू. आणि जुना शर्ट घाला.

सानपाडा_स्लो

मी पण येऊ का? नुसता बघायला. पक्कड घेतली आहे.